मराठी याद्यांसाठी मॅक्रो आपणच लिहायला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत मराठीत याद्या ठेवणाऱ्या कचेऱ्या आजही पुष्कळ आहेत. पगारदारांच्या पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था, सार्वजनिक ग्रंथालये, गणेशोत्सव मंडळे, शाळांची कार्यालये. या सगळ्यांचा कारभार एक्सेलवर चालतो आणि तिथे रोज तीच तीच कामे हाताने होतात: नावामागची मोकळी जागा काढणे, रक्कम अक्षरी लिहिणे, पिन कोड पुरा करणे, बँकेच्या उताऱ्यातल्या तारखा सरळ करणे. एका नोंदीला २० सेकंद आणि दिवसाला ३० नोंदी धरल्या तरी १० मिनिटे झाली. २५ दिवसांच्या महिन्यात ते ४ तास १० मिनिटे होतात, तेही एका माणसाचे आणि एकाच कामाचे.

एक्सेलच्या पोटातच प्रोग्राम लिहायची सोय १९९३ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. तिला व्हीबीए म्हणतात आणि तिच्यात लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला मॅक्रो. ऑल्ट धरून एफ११ दाबले की तिचा एडिटर उघडतो. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तरीही बहुतेक कचेऱ्यांत मॅक्रो म्हणजे कोणीतरी आपल्या क्रिया रेकॉर्ड करून ठेवलेले आणि आता कोणालाच न कळणारे एखादे बटण असते. हे पत्र लिहायचे कारण असे की, मराठी नोंदींच्या अडचणी बाहेरून येणारे तयार सॉफ्टवेअर सोडवत नाही. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन प्रकारे टंकले जाते किंवा शंभराला ‘एकशे’ नव्हे तर ‘शंभर’ म्हणतात, हे दूरच्या कंपनीला ठाऊक असायचे कारण नाही. ही छोटी अवजारे मराठीत काम करणाऱ्यांनीच बनवायला हवीत. ती बनवणे अवघड नाही. फक्त कुठे घसरायला होते ते आधी माहीत हवे.

सुरुवात नावांपासून करतो, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. सभासदांच्या यादीत ‘ॲड.’ असे लिहिलेले नाव दुसऱ्या यादीत शोधले तर व्ही-लुकअप हे शोधणारे फंक्शन ‘सापडत नाही’ म्हणते. डोळ्यांना दोन्हीकडे तेच दिसते. कारण असे की, ‘ॲ’ हे अक्षर संगणकात तीन प्रकारे साठवलेले असू शकते. २००८ साली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या, ५.१ आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला, २४१८. त्याआधी आणि काही कळफलकांवर अजूनही ते ‘अ’ म्हणजे २३०९ आणि वरचा अर्धचंद्र म्हणजे २३७३ असे जोडून लिहिले जाते. काही जण तो अर्धचंद्र नीट बसावा म्हणून मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात, क्रमांक ८२०५. एक अक्षर, तीन रूपे. आणि संगणकाच्या दृष्टीने ती तीन वेगळी नावे. यावर उपाय म्हणजे सगळी रूपे एकाच रूपात आणणारे एक फंक्शन. आधी २३०९, ८२०५, २३७३ या तिकडीच्या जागी २४१८ ठेवायचे, मग २३०९, २३७३ या जोडीच्या जागी.

ही बदलाबदली कोणत्या क्रमाने करायची, याला फार महत्त्व आहे. न दिसणारी चिन्हे नकोतच म्हणून कोणी सरसकट ८२०५ पुसून टाकायला जाईल तर घात होईल. मराठीतला दरी-दऱ्यांमधला ‘ऱ्य’ आणि दर्यातला ‘र्य’ यांतला फरक अनेक जुन्या नोंदींत केवळ त्या एका अदृश्य चिन्हावर टिकून असतो. तिथे ‘ऱ्’ हा २३५२, २३८१, ८२०५ असा, म्हणजे साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह असा लिहिलेला असतो. ८२०५ काढले की ‘र’चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘गोऱ्हे’चे ‘गोर्हे’ होते, ‘कऱ्हाडे’चे ‘कर्हाडे’ होते. म्हणून आधी या तिकडीच्या जागी २३५३ आणि २३८१ घालायचे, म्हणजे ‘ऱ’चा स्वतंत्र क्रमांक आणि त्याला हलन्त. काही ठिकाणी ‘ऱ’ हा र आणि खालचा नुक्ता म्हणजे टिंब, २३५२ आणि २३६४, असाही सापडतो. त्याचाही २३५३ करून घ्यायचा. एवढे झाल्यावरच उरलेली ८२०५, ८२०४ आणि ८२०३ ही न दिसणारी चिन्हे काढायची.

मोकळ्या जागांचा प्रकार त्यामानाने सोपा आहे. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची जागा येते. ती नेहमीच्या जागेसारखीच दिसते, पण एक्सेलचे ट्रिम फंक्शन तिला हात लावत नाही आणि क्लीन फंक्शनही लावत नाही. आधी १६० चे ३२ करावे आणि मग ट्रिम चालवावे. शब्दांमधल्या दुहेरी जागाही काढायच्या असतील तर वर्कशीटचे ट्रिम वापरावे. व्हीबीएचे स्वतःचे ट्रिम फक्त दोन टोकांच्या जागा काढते, मधल्या तशाच ठेवते.

आता पहिली ठेच. व्हीबीएचा एडिटर युनिकोड जाणत नाही. त्यात देवनागरी अक्षर टंकले किंवा चिकटवले की प्रश्नचिन्हे उमटतात. पुष्कळ जण इथेच ‘मराठीत मॅक्रो होत नाही’ म्हणून सोडून देतात. होतो. अक्षराऐवजी त्याचा क्रमांक वापरायचा: सीएचआर-डब्ल्यू या फंक्शनला २४१८ दिले की ते ‘ॲ’ देते, आणि एएससी-डब्ल्यू उलट काम करते, अक्षर घेऊन क्रमांक देते. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१ असा आहे. शून्य ते नऊ हे अंक २४०६ ते २४१५ वर आहेत आणि इंग्रजी शून्य ४८ वर. म्हणून मजकुरात आलेला देवनागरी अंक इंग्रजी करायचा तर त्याच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे, बस. ही एका ओळीची वजाबाकी मोबाइलवरून आलेल्या वर्गणीच्या याद्यांवर चालवली की ‘१५०१’ची खरी बेरीज होऊ लागते.

लांब मराठी मजकूर क्रमांकांत लिहीत बसणे मात्र शहाणपणाचे नाही. तो एका शीटवर सेलमध्ये लिहावा आणि कोडने तिथून वाचावा. सेलमध्ये देवनागरी व्यवस्थित राहते. रक्कम अक्षरी लिहिणाऱ्या फंक्शनसाठी हीच पद्धत लागते आणि त्या फंक्शनवर थोडे सविस्तर लिहितो, कारण पावतीपुस्तके, चेक, करारनामे, देणगीची प्रमाणपत्रे, सगळीकडे त्याची गरज पडते आणि हाताने लिहिताना तिथेच चुका होतात.

इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहांचे शब्द मिळून तीसेक शब्दांत काम भागते. मराठीत भागत नाही. तीनाचे रूप तेवीसमध्ये ‘ते’, त्रेचाळीसमध्ये ‘त्रे’, त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकातून एक कमी, आणि शेवटी एकोणशंभर न म्हणता नव्याण्णव. नियम शोधत बसू नये. १ ते ९९ हे शब्द एका शीटच्या पहिल्या रकान्यात, ज्या आकड्याचा शब्द त्याच क्रमांकाच्या ओळीत लिहावेत. मग ७३ चा शब्द हवा असेल तर ७३ वी ओळ वाचायची. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा मोठी चर्चा झाली. शाळेत काय शिकवावे हा वेगळा प्रश्न आहे, पण चेकवर ‘एकवीस’च लिहिले जाते आणि तक्त्यातही तेच हवे.

पुढे रकमेचे तुकडे करायचे. आधी १,००,००,००० ने भागून कोटी काढावेत, उरलेल्याला १,००,००० ने भागून लाख, मग १,००० ने हजार, १०० ने शेकडा, आणि शेवटी जे उरेल ते तक्त्यातून. जो तुकडा शून्य असेल तो वगळायचा, नाहीतर ‘एक लाख शून्य हजार’ असे छापून येते. शेकड्यात एकच अपवाद सांभाळायचा: शेकडा १ असून पुढे काहीच उरले नसेल तर ‘शंभर’, एरवी अंकाला ‘शे’ लावायचा. ५,१०० चे ‘पाच हजार शंभर’ आणि ५,१०१ चे ‘पाच हजार एकशे एक’. कोटींचा तुकडा ९९ च्या वर गेला तर फंक्शनने स्वतःलाच पुन्हा हाक मारावी. म्हणजे १२३ कोटींचे ‘एकशे तेवीस कोटी’ आपोआप होते.

मोठ्या रकमांत एक छुपा खड्डा आहे. व्हीबीएमध्ये बाकी काढायला मॉड आणि पूर्णांक भागाकारासाठी उलटी तिरकी रेघ वापरतात. ३२-बिट ऑफिसमध्ये हे दोन्ही २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच चालतात. त्यापुढे ‘ओव्हरफ्लो’ म्हणून काम थांबते. गृहनिर्माण संस्थेला २१४ कोटींचा आकडा लागत नाही. पण पुनर्विकासाच्या करारात, मोठ्या पतपेढीच्या ताळेबंदात लागतो. म्हणून नेहमीच्या भागाकारावर पूर्णांक भाग काढणारे इंट लावावे आणि बाकी वजाबाकीने काढावी. हळू आहे, पण थांबत नाही.

पैशांच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते. १२.३५ मधून १२ वजा करून शंभराने गुणले तर संगणक ३५ देत नाही, ३४.९९९... देतो, कारण १२.३५ ही संख्या त्याच्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही. त्याचा पूर्णांक घेतला की चौतीस पैसे. रक्कम आधी करन्सी या प्रकारात घ्यावी. तो चार दशांश स्थळे नेमकी धरतो. शिवाय व्हीबीएचे राउंड फंक्शन बँकांच्या समसंख्या पद्धतीने पूर्णांक करते: २.५ चे २ आणि ३.५ चे ४. शीटवरचे राउंड मात्र २.५ चे ३ करते. एकाच थकबाकीचे व्याज शीटवर एक आणि मॅक्रोने छापलेल्या बिलात दुसरे, असे झाले की सभासद सभेत उभे राहून विचारतात आणि त्यांचे बरोबर असते. मॅक्रोतही शीटचेच राउंड, वर्कशीट-फंक्शनमार्फत, वापरावे. चॅटबॉटकडून मॅक्रो लिहून घेणाऱ्यांनी तर ही ओळ आधी तपासावी. उत्तर दिसायला बरोबर असते, म्हणून चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

मुंबईपुरते एक अवजार सुचवतो, पत्त्यांसाठी. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, तरी आपल्याकडे ‘दादर (प.), मुंबई २८’ असे लिहायची सवय अजून आहे. कुरिअर, विमा, बँक यांना सहा अंक लागतात. फंक्शनने पत्त्यात ‘मुंबई’ शोधावे, त्यापुढचे अंक घ्यावेत आणि अंक तीनपेक्षा जास्त नसतील तर त्यांच्याआधी शून्ये भरून ते तीन करावेत आणि सुरुवातीला ४०० लावावे: २८ चे ४०००२८, ४ चे ४००००४. पण शोध डावीकडून घेतला तर ‘मुंबई-आग्रा मार्ग, घाटकोपर (प.), मुंबई ८६’ या पत्त्यात पहिल्याच ‘मुंबई’वर अडकून पडतो. उजवीकडून शोधणारे इन-स्टर-रेव्ह वापरावे. ‘नवी मुंबई’ आढळल्यास मात्र काहीच भरू नये, रकान्यात ‘तपासा’ असे लिहावे. ज्या बाबतीत नियम एका वाक्यात सांगता येत नाही, तिथे फंक्शनने अंदाज करू नये.

बँकेचे उतारे सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये येतात आणि तिथे तारखांचा घोळ होतो. माउसने फाइल उघडली तर एक्सेल संगणकाची भारतीय तारीखपद्धत धरते. तीच फाइल मॅक्रोने उघडली तर अमेरिकन पद्धत धरते, आधी महिना. ०१/०४ हा आर्थिक वर्षाचा पहिला दिवस ४ जानेवारी होऊन बसतो. २५/०४ मध्ये पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख मजकूर म्हणून तशीच राहते. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी चुकतात, बाकीच्या मजकूर होतात आणि क्रम लावला की सगळा उतारा विस्कटतो. फाइल उघडणाऱ्या आज्ञेत ‘लोकल’ हा पर्याय ‘ट्रू’ द्यावा, एवढेच करायचे. खाते क्रमांकाचा रकाना वेगळा सांभाळावा. एक्सेल संख्येचे १५ च अंक धरते, १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि तो परत मिळत नाही. सुरुवातीची शून्येही जातात. फाइलचे नाव सीएसव्हीवरून टीएक्सटी करून, आयात करताना तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून निवडला की अंक वाचतात.

आता हे सगळे ठेवायचे कुठे. एकट्याच्या वापरासाठी ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ पुरते. एखादा रिकामा मॅक्रो रेकॉर्ड करून ‘कुठे साठवायचा’ या प्रश्नाला तो पर्याय दिला की ती फाइल तयार होते आणि पुढे एक्सेल उघडताच लपून उघडते. पण तिच्यातले फंक्शन सेलमध्ये वापरताना दर वेळी फाइलचे नाव आणि उद्गारचिन्ह आधी लिहावे लागते. पाच-सहा जणांच्या कार्यालयासाठी ॲड-इन म्हणजे एक्सेलला जोडायची एक्सएलएएम फाइल चांगली. तिच्यातले फंक्शन नुसत्या नावाने चालते. नावे रोमन लिपीत पण मराठी ठेवावीत: अक्षररक्कम, नावशुद्ध, पिनभरा. सहा महिन्यांनी नवीन आलेल्यालाही कळतात.

ॲड-इनमध्ये शब्दांचा तक्ता ठेवलेला असेल तर कोडमध्ये ‘धिस-वर्कबुक’ लिहावे. ‘ॲक्टिव्ह-वर्कबुक’ लिहिले तर फंक्शन तक्ता वापरणाऱ्याच्या फाइलमध्ये शोधते आणि त्रुटी देते. स्वतःच्या संगणकावर चाचणी घेताना हे कळत नाही, कारण तेव्हा तीच फाइल समोर असते. शीटचे नावही इंग्रजीत द्यावे, एडिटरला मराठी नाव लिहिता येत नाही. तक्त्यात नंतर एखादा शब्द सुधारला तर जुने सेल स्वतःहून बदलत नाहीत. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ एकत्र दाबून सगळे पुन्हा मोजून घ्यावे. आणि हे फंक्शन असलेली फाइल बाहेर कोणाला पाठवताना उत्तरे ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवून पाठवावीत. ज्यांच्याकडे ॲड-इन नाही त्यांना रकमेच्या जागी ‘नेम’ची त्रुटी दिसते.

रेकॉर्डर वापरायला हरकत नाही, सुरुवात तिथूनच होते. पण तो ज्या ४७ ओळींवर रेकॉर्ड केला त्या ४७ ओळींचाच पत्ता लिहून ठेवतो. पुढच्या महिन्यात ५२ सभासद झाले तर शेवटचे पाच तसेच राहतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटची ओळ मॅक्रोनेच शोधावी: रकान्याच्या तळाशी, १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन तिथून वर यायचे आणि पहिला भरलेला सेल मिळाला की थांबायचे. त्यासाठी कधीच रिकामा नसणारा रकाना निवडावा, आणि खाली ‘एकूण’ची ओळ असेल तर ती वगळावी. ओळी मोजणाऱ्या चलासाठी (व्हेरिएबलसाठी) ‘इंटिजर’ हा प्रकार घेऊ नये, तो ३२,७६७ ला संपतो. ‘लाँग’ घ्यावा. प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या पानाच्या, माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ हवेच. एडिटरच्या टूल्स, ऑप्शन्समध्ये ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लेरेशन’वर खूण केली की ते आपोआप येते. नसेल तर नावातली एका अक्षराची चूक म्हणजे नवे, रिकामे चल, आणि बेरीज शून्य.

मॅक्रो चालला की कंट्रोल-झेडने मागे जाता येत नाही. शीटमध्ये बदल करणारा मॅक्रो आधीच्या सगळ्या ‘अनडू’ पुसून टाकतो. म्हणून मूळ रकान्यावर लिहू नये, शेजारच्या नव्या रकान्यात उत्तर द्यावे. दोन्ही शेजारी दिसले की डोळ्यांनी पडताळता येते आणि पटल्यावर मूळ रकाना काढता येतो. वेग वाढवण्यासाठी आपोआप होणारी गणना बंद ठेवायची युक्ती सगळे वापरतात. पण मॅक्रो मध्येच अडखळला तर ती बंदच राहते आणि त्या दिवशी उघडलेल्या इतर फाइलींच्याही बेरजा जुन्याच दिसत राहतात. माझ्या मते यासारखी घातक चूक दुसरी नाही, कारण इथे त्रुटीचा संदेशही येत नाही. त्रुटी आली तरी शेवटी गणना सुरू करणाऱ्या ओळीवर जाण्याची वाट ‘ऑन एरर गो-टू’ने बांधावीच. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहून सगळ्या चुका गिळून टाकणे हा त्यावरचा उपाय नाही.

प्रत्येक फंक्शनसोबत वीसेक ओळींची एक परीक्षेची शीट ठेवावी: ०, १, ९९, १००, १०१, १,०००, १,००,०००, १,००,००१, १२.३५, रिकामा सेल, अंकाऐवजी मजकूर, ‘ॲड.’ची तिन्ही रूपे, ‘गोऱ्हे’ची दोन्ही. शेजारी अपेक्षित उत्तर. कोडमध्ये काहीही बदलले की आधी ही शीट चालवायची. पंधरा मिनिटांचे काम आहे आणि कोड लिहिणारा सोडून गेला तरी मागच्यांना त्याचा आधार राहतो.

बटणे क्विक ॲक्सेस टूलबारवर लावावीत; पहिली नऊ ऑल्ट आणि १ ते ९ ने चालतात. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही यांसारख्या नेहमीच्या किल्ल्या मॅक्रोला देऊ नयेत, ती फाइल उघडी असेपर्यंत मूळ काम बंद पडते.

सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली आणि ते योग्यच आहे. मॅक्रोच्या वाटेने आलेल्या व्हायरसांनी फार नुकसान केले आहे. ‘सगळे मॅक्रो चालू’ हा पर्याय कोणीही निवडू नये. कार्यालयाचा एक फोल्डर ‘ट्रस्टेड लोकेशन’ म्हणून नोंदवावा. तो नेटवर्कवर असेल तर त्याच खिडकीत नेटवर्कची वेगळी परवानगी द्यावी लागते. त्यात लिहिण्याचा हक्क एकाच जबाबदार माणसाला असावा, बाकीच्यांना फक्त वाचण्याचा. ॲड-इन निवडताना एक्सेल ‘तुमच्या संगणकावर प्रत करू का’ विचारते, तिथे ‘नाही’ म्हणावे, म्हणजे सगळे एकच आवृत्ती वापरतात. मॉड्यूल अधूनमधून ‘एक्स्पोर्ट’ करून तारखेसह ठेवावीत. संगणक फॉरमॅट झाला की पर्सनल वर्कबुक गेले, असे होऊ देऊ नये.

ज्या कार्यालयात मॅक्रोंना बंदीच आहे, तिथेही बरेच जमते. एक्सेल २०१३ पासून क्रमांकावरून अक्षर देणारे युनिकॅर हे फंक्शन शीटवर आहे. ते आणि एका अक्षराजागी दुसरे घालणारे सब्स्टिट्यूट एकात एक घालून नावे शुद्ध करण्याचे वरचे सगळे टप्पे सूत्रात लिहिता येतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२४ मध्ये लॅम्डा आहे. त्याने त्या लांब सूत्राला नाव देता येते आणि सूत्रात देवनागरी थेट लिहिता येते. गूगल शीट्सच्या ॲप्स स्क्रिप्टमध्येही मराठी मजकूर कोडमध्ये सरळ चालतो. मात्र सेलमधल्या फंक्शनला ३० सेकंदांची मर्यादा आहे. म्हणून हजार सेलांत हजार वेळा बोलावण्याऐवजी पूर्ण रकाना एकदाच देऊन उत्तरांचा रकाना परत घ्यावा.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. वरच्या तक्त्यासाठी १ ते ९९ चे शब्द टंकताना लोक पुन्हा पुन्हा अडतात: एकाहत्तर की एक्काहत्तर, पंचाहत्तर की पंच्याहत्तर, सत्याऐंशी की सत्त्याऐंशी. भाषेच्या जाणकारांकडून तपासून घेतलेला हा तक्ता आपण एका चौकटीत छापावा आणि संकेतस्थळावर तो युनिकोडमध्ये, चित्र म्हणून नव्हे, कॉपी करता येईल असा, एका ओळीत एक शब्द या पद्धतीने ठेवावा. म्हणजे तो उचलून थेट शीटच्या पहिल्या रकान्यात चिकटवता येईल.

आपला,
एक वाचक,
माहीम, मुंबई ४०० ०१६